एकशे एकावी फेरी

आमच्या आईला किलोमीटर कळत नसत. तिला पेण कळायचं. रोह्याहून पेणला जायला एस.टी.ला तास लागतो एवढं तिला पक्कं ठाऊक होतं, कारण बत्तीस वर्षं मी रोज ती गाडी पकडून पेणच्या स्टँडवर कामाला जात होतो. मी वाहतूक नियंत्रक. लोक कंट्रोलर म्हणायचे, आणि गाडी चुकली की त्याहून वाईटही काही म्हणायचे.

लीया, माझी धाकटी बहीण, चौऱ्याहत्तर साली लग्न करून इस्रायलला गेली. तेव्हापासून आई विचारायची, "आब्राम, लीयाचं गाव किती लांब हाय रं?" पहिली काही वर्षं मी "लांब आहे" म्हणून वेळ मारून नेली. मग एकदा शेजारच्या मुलीच्या नकाशावर दोरा धरून मोजलं. मुंबईपासून सरळ रेषेत चार हजार किलोमीटर. पेण-रोहा चाळीस.

"आई," म्हटलं, "पेण-रोहा शंभर वेळा."

ती सुपातले तांदूळ निवडत होती. तिनं दोन खडे वेचून बाहेर टाकले. मग म्हणाली, "मंग तू इतकी वर्सं पेणला जातोस. आतापत्तूर किती येळा तिच्या दारात पोचला असतास."

ही बाई वकील व्हायची, चुकून माझी आई झाली.

पुढे विमानांची माहिती काढली तेव्हा कळलं की दोरा खोटा होता. मधल्या देशांवरून इस्रायलच्या विमानांना जाऊ देत नाहीत. ती खालून समुद्रावरून वळसा घालतात, म्हणजे पेणहून रोह्याला अलिबागवरून जावं तसं. पाच तासांचा प्रवास पावणेआठ तासांचा होतो. आईला मी हे सांगितलं नाही. शंभर फेऱ्या तिच्या डोक्यात बसल्या होत्या, त्या कशाला हलवायच्या?

आमच्या लोकांना जुनी माणसं शनवार तेली म्हणत. घाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे यहुदी. गावोगाव घरं होती. मग एकेक घर तिकडे गेलं. आता रोह्यात तीन उरली. माझेही कागद झाले होते, लीयाच्या बरोबरीनंच. आई म्हणाली, "तुजा बाप हासाजी हितं मातीत हाय. त्याला एकट्याला टाकून मी नाय यायची." मग आईला एकटीला टाकून मी कसा जाणार? राहिलो. माझ्या वयाच्या मुली सगळ्या तिकडे गेल्या, लग्नही राहिलं. लोक मला आदर्श मुलगा म्हणायचे. खरं सांगतो, मला राग यायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडायच्या आणि संध्याकाळी रोह्याची गाडी धरून त्याच दारात यायचं.

ऑगस्टमधल्या त्या गुरुवारी आईनं पेज तोंडातून बाहेर काढली. डॉक्टर म्हणाले, दोनतीन दिवस. वय ब्याण्णव. मी लीयाला फोन केला. गुरुवारच्या विमानात जागा नव्हती. शुक्रवारी विमान नव्हतं, कारण शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो आणि तिकडची विमानं शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत जमिनीवरून हलत नाहीत. तिला जागा मिळाली ती शनिवारी रात्रीची. म्हणजे मुंबईत रविवारी सकाळी.

शुक्रवारी दुपारी चारला आईनं डोळे उघडले. शेजारच्या काशीबाई पायाशी बसल्या होत्या.

"लीया कुटवर आली रं?"

लीया तेव्हा तिकडे इस्रायलात, अश्दोदच्या घरात बॅग भरत होती.

"पेणला आली, आई," मी म्हणालो.

बत्तीस वर्षांत न आलेली गाडी आली म्हणून मी एकदाही सांगितली नव्हती. कंट्रोलरचं तेवढंच तर इमान असतं. पण आईचा चेहरा असा मोकळा झाला की मला परत घेता येईना.

"मंग तासाभरात येल," ती म्हणाली. "भात टाक."

काशीबाईंनी खरोखर भात टाकला. तास होऊन गेला तरी आई दाराकडे बघत राहिली. रस्त्यावर गाडी वाजली की मान हलायची. शब्बाथचा दिवा लावायच्या वेळेला ती गेली. ती वाट बघतच गेली, आणि ती वाट मी लावली होती.

आमच्यात माणूस गेलं की शक्यतो त्याच दिवशी दफन करतात, पण शब्बाथला करत नाहीत. ज्या नियमानं लीयाचं विमान धरून ठेवलं, त्याच नियमानं आईलाही रविवारपर्यंत घरात ठेवलं. एरवी मी देवाशी भांडलो असतो, पण यावेळी त्यानं मला एक संधी दिली होती. काशीबाईंच्या मुलानं कोळीवाड्यातून बर्फाच्या लाद्या आणल्या.

शनिवारी संध्याकाळी अलिबागहून बिन्यामिनकाका आले. आमच्या प्रार्थना तेच चालवतात. रविवारी दुपारी तीनची वेळ ठरली. माणसं मोजली. कद्दीश, म्हणजे मुलानं आईबापासाठी म्हणायची प्रार्थना, दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही. अलिबाग-रेवदंड्याचे चार, पेणचे दोन, रोह्याचे तीन. नऊ. दहावा मी.

"मग तू विमानतळावर जाऊ नकोस," काका म्हणाले. "हिरामण आणील तिला."

हिरामण आमच्या आळीतला, त्याची भाड्याची गाडी आहे. तो आणू शकला असता. पण मी म्हणालो, "मीच जाणार." काकांनी मला वेडा ठरवलं. त्यांना मी सांगितलं नाही की कंट्रोलरची सही झाल्याशिवाय गाडी फलाट सोडत नाही. मी इथे असलो तर तीन वाजता ते सुरू करतील, लीया कुठेही असो. मी नसलो तर त्यांना थांबावं लागेल. आईला लीया दिसली नाही, निदान लीयाला तरी आई दिसायला हवी होती. माझ्या खोट्याची तेवढीच दुरुस्ती माझ्या हातात होती.

विमान वेळेवर उतरलं. शंभर फेऱ्या, वळशासकट, एक मिनिट उशीर नाही. दहा वाजता लीया बाहेर आली. अकरा वर्षांनी बघत होतो. केस पांढरे, पाय सुजलेले, खांद्याला पर्स घट्ट धरलेली.

"दादा, आय अजून घरात हाय ना?"

"आहे. तुझी वाट बघते आहे," मी म्हणालो, आणि जीभ चावली.

गाडीत तिनं पर्समधून एक पुडी काढून दाखवली. यरुशलेमची माती. कबरीत घालायला आणली होती. तिची बोली अजून चौऱ्याहत्तर सालातलीच होती. रोह्यात आता कोणी तसं बोलत नाही. ती बोलत राहिली आणि मला आईच्या तरुणपणीचा आवाज ऐकल्यासारखं झालं.

पनवेलला हिरामण म्हणाला, "मामा, खोपोली-पाली धरू या का? गणपती चार दिवसांवर आलेत. पेणात गर्दी असल."

"मला रस्ता शिकवतोस?" मी म्हणालो. "बत्तीस वर्षं गाड्या सोडल्यात मी या रस्त्यावर. सरळ चल. दीडला घरी."

तो बिचारा सरळ चालला. माझ्या आयुष्यात मी केलेल्या मूर्खपणांची यादी काढली तर हा वरच्या तिनांत बसेल.

हमरापूर फाट्यावर वेग गेला. मूर्तींचे टेम्पो एकामागून एक रस्त्याला लागत होते, प्लॅस्टिक पांघरलेल्या गणपतींनी भरलेले. सरकत सरकत पेणच्या रामवाडीला, माझ्याच स्टँडसमोर, साडेबाराला पोचलो आणि तिथे चाकं थांबली. डाव्या बाजूला टेम्पो, उजवीकडे चौपदरीकरणासाठी खणलेला खड्डा, पुढे लक्झरी बस, मागे सिमेंटचा ट्रक. दार उघडून एक माणूस तिरका बाहेर पडेल एवढीच जागा. स्टँडवर जाऊन चौकशी केली. वडखळला कंटेनर आडवा झाला होता. क्रेन निघाली होती, पण क्रेनही त्याच रांगेत उभी होती.

एक वाजला. दीड. हिरामणनं इंजिन बंद केलं. काच खाली घेतली तर धूर, वर घेतली तर घुसमट. लीया पुडी मांडीवर घेऊन बसली होती.

"रेल्वे नाय का?" तिनं विचारलं.

"दुपारची पॅसेंजर गेली. पुढची सातनंतर."

"मागं वळता येत नाय?"

"बघ ना मागे."

तिनं बघितलं. सिमेंटच्या ट्रकच्या क्लीनरनं तिला हात दाखवला. लीया हसली आणि लगेच रडायला लागली.

"आठ तासांत मी समुद्र वलांडला दादा. आन् हितं, पेणात अडकले? हितून तर मी चालत गेले असते लहानपणी."

माझ्याच स्टँडवरून माझाच आवाज ऐकू येतोय असं वाटत होतं: रोह्याला जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. लक्ष देऊन करायचं काय?

तीन वाजता काकांचा फोन आला.

"आब्राहम, कुठे आहेस?"

"पेणला."

"अजून? आईला तिसरा दिवस आहे, बाबा. बर्फ विरघळतो आहे. सूर्य मावळायच्या आत मातीत जायला हवी. त्यापुढे मी नाही ठेवणार, हे तुला आत्ताच सांगतो."

"मी नसलो तर कद्दीश होणार नाही, काका."

"म्हणून तर म्हणतो, तू ये. कसाही ये. बहिणीला मागाहून येऊ दे. ती काही दहांत धरली जात नाही."

फोन मोठ्यानं बोलत होता. लीयानं सगळं ऐकलं.

माझी चलाखी माझ्याच गळ्यात आली होती. सहीवाचून गाडी थांबेल असं मला वाटलं होतं. आता सही करणाराच रांगेत अडकला होता आणि गाडी सूर्य मावळताना सुटणार होती. दार ढकललं तर ते टेम्पोला लागून थांबलं. मी त्या दारावर हात आपटला, दोनदा. टेम्पोवाल्यानं शिवी दिली. मीही दिली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, आई घरी बर्फावर, आणि मी रामवाडीत शिव्या देत होतो.

तेवढ्यात कोणीतरी काचेवर टकटक केलं. हाताला गुलाबी रंग लागलेला, चाळिशीचा माणूस.

"कंट्रोलरकाका! वळखलं नाय? मी जोह्याचा कमळाकर."

ओळखलं. याचा बाप एस.टी.च्या टपावरून मूर्ती पाठवायचा. त्या नीट बांधून होईपर्यंत मी गाडी दोन मिनिटं रोखून धरायचो आणि ड्रायव्हरच्या शिव्या खायचो. कमळाकर मोटारसायकलवरून कारखान्याचा रंग घेऊन परत चालला होता. मी त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"कडेकडेनं आन् शेतातल्या रस्त्यानं काढतो मी गाडी," तो म्हणाला. "नागोठण्याच्या पुढं रस्ता मोकळा हाय. भिसे खिंडीतनं दीड तासात रोहा. पन एकच मानूस बसल. मागं मूर्तीसाठी फळी ठोकलीय, ती अशी रस्त्यात निघायची नाय."

"दुसरी कुणाची गाडी?"

"सीझन हाय काका. आज जोह्यात मोकळा मानूस गावला तर मला दाखवा."

लीयानं माझ्याकडे बघितलं. "तू जा, दादा."

"लीया..."

"तू मुलगा. तू दहावा. मी काय, मी त्रेचाळीस वर्सं नव्हतेच. तू तिचं सगळं केलंस. आता शेवटचं तूच कर."

ती बरोबर होती. बिन्यामिनकाकांच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होती, आळीतल्या लोकांच्या मतानं बरोबर होती. आणि मला जायचं होतं. हे लपवत नाही. त्या डब्यातून सुटून, वारा खात, आईजवळ जायचं होतं. तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, कद्दीश म्हणायचा होता. दर वर्षी बापाच्या कबरीवर म्हणताना आईसाठी म्हणायची तयारी मी मनात केली होती. आयुष्यभर राहिल्याचं तेवढंच एक मोल मी धरून चाललो होतो.

पण आईनं शेवटी मला कद्दीशबद्दल विचारलं नव्हतं. तिनं विचारलं होतं, लीया कुठवर आली. आणि मी म्हणालो होतो, पेणला. दोन दिवस उशिरा का होईना, लीया पेणला आली होती. पेणला आलेली गाडी रोह्याला पोचायलाच हवी.

"उतर," मी म्हणालो.

"दादा, येड्यासारखं करू नको."

"उतर म्हणतो ना! आयुष्यात एकदा तरी माझं ऐक. चपला नीट घाल. माती घे. मी दुसरी गाडी बघून मागून येतो."

दुसरी गाडी नव्हती, हे तिलाही कळत होतं. त्रेसष्ट वर्षांची बाई, दोन गाड्यांच्या फटीतून तिरकी निघाली आणि मोटारसायकलवर बसली. पाय कुठे ठेवायचे ते कमळाकरनं दाखवलं. मी म्हणालो, "भिसे खिंडीत सावकाश, वळणावर खड्डे आहेत." तो म्हणाला, "माझ्या आईला घेऊन चाललो असं म्हना." पावणेचार वाजले होते. लक्झरी बसच्या कडेनं ती दोघं दिसेनाशी झाली.

मग मी गाडीत बसलो. हिरामणनं पाण्याची बाटली पुढे केली. चांगला माणूस. गाडी एक हात पुढे गेली, पुन्हा थांबली. टेम्पोवरच्या एका गणपतीवरचं प्लॅस्टिक वाऱ्यानं सुटलं. डोळे अजून रंगवायचे होते, त्या कोऱ्या चेहऱ्याकडे मी दीड तास बघत बसलो. दर पाच मिनिटांनी मनात फेरी पुढे सरकवत होतो: आता कासू, आता नागोठणे, आता खिंड.

पाच वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

"पोचले," लीया म्हणाली. तिच्या मागे बायांचा आवाज होता. "आयला बघितलं, दादा. हसल्यासारखी हाय."

"लीया, फोन तिच्या कानाला लाव."

"काय?"

"लाव. आणि तू ऐकू नकोस."

फोन उशीवर सरकल्याचा आवाज आला. मग मी बोललो. रामवाडीत, हॉर्नच्या गोंगाटात, एका हातानं दुसरा कान दाबून. "आई, शुक्रवारी मी खोटं बोललो. ती आली नव्हती. आता आली. बघ, दारात आली."

हिरामण खिडकीबाहेर बघत होता.

"काय बोललास रं तिला?" लीयानं विचारलं.

"आमचं होतं," मी म्हणालो.

सहाला काकांचा फोन आला. ते चिडले नव्हते, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "आता थांबता येत नाही, आब्राहम. आम्ही नऊ आहोत. स्तोत्रं म्हणतो आणि ठेवतो. कद्दीश राहील." मी म्हणालो, "ठेवा." रोह्यातली आमची दफनभूमी कुठून वळते, कुठे उतार आहे, खांदा कुठे बदलावा लागतो, हे सगळं मला पाठ होतं. मी इथे बसून तिला खांदा देत होतो, आणि माझा खांदा गाडीच्या दाराला टेकलेला होता.

पावणेसातला पश्चिमेला उजेड तांबडा झाला. सातला लीयाचा फोन आला. पुढची बस नुकतीच हलली होती.

"झालं," ती म्हणाली. "माती घातली. डोळ्यांवर घातली, तिथली." मग म्हणाली, "सगळी मानसं गेली. काशीबाई भात टाकते हाय. तू कुठवर आलास रं?"

मी बाहेर बघितलं. स्टँडची पाटी अजून समोरच होती.

"पेणला."

"मंग तासाभरात येशील," लीया म्हणाली.